बाबांना घेऊन ईस्टर आयलंडला (रापा नुई) जायचंय, जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा

मृण्मयी_गोरेगाव
१४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचत आलेय, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय.

माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. मुंबईच्या गोदीत चौतीस वर्षं नोकरी केली. सुरुवात खलाशी म्हणून, शेवटची अठरा वर्षं क्रेनवर. जड माल कसा उचलायचा, दोर कुठे बांधायचा, कधी हात आखडता घ्यायचा, हा त्यांचा जन्माचा विषय. शाळेत असताना एका दिवाळी अंकात त्यांनी मोआईंचा फोटो पाहिला होता. समुद्राच्या काठी ओळीने उभे असलेले ते लांब चेहऱ्यांचे दगडी पुतळे. "क्रेन नाही, लोखंड नाही, मग एवढं वजन नेलं कसं?" हा प्रश्न त्यांनी पन्नास वर्षं मनात ठेवलाय.

आई होती तेव्हा दोघांनी माझ्या शाळेच्या ॲटलसमध्ये ते बेट शोधून काढलं होतं. पॅसिफिकच्या पानावर आईने पेन्सिलीने केलेला गोल अजून आहे. आई दोन वर्षांपूर्वी गेली. मागच्या महिन्यात कपाट आवरताना तो ॲटलस हाती लागला आणि मी ठरवलं की यांना तिथे न्यायचं.

बाबांची तब्येत ठीक आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि डावा गुडघा कुरकुरतो. पैसे दोघांच्या मुदत ठेवींतून काढणार आहोत. एका टूरवाल्यांनी दक्षिण अमेरिकेच्या सहलीत "दोन दिवस ईस्टर आयलंड" असं बसवून दिलंय. एवढ्या लांब जाऊन दोनच दिवस पुरतील का? विमानं, व्हिसा, राहणं, खाणं, जे ठाऊक असेल ते लिहा.

-----

दर्यावर्दी
१४ जून, रात्री ११:१५

मृण्मयी, आधी बाबांना नमस्कार सांगा. मी २०२३ मध्ये जाऊन आलोय. दोन दिवस घेऊ नका. कमीत कमी चार पूर्ण दिवस द्या, पाच मिळाले तर उत्तम. त्यातला एक दिवस नुसता झोप भरून काढण्यात जातो.

आता अंतर. बेट चिली देशाचं आहे, पण चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरवर. जवळची वस्ती म्हणाल तर पिटकेर्न बेट, तेही दोन हजार किलोमीटरवर. मुंबईहून चिलीच्या राजधानीला, सांतियागोला, थेट विमान नाही. युरोपमार्गे किंवा आखातातून ब्राझीलमार्गे जावं लागतं. सांतियागोहून पुढे पाच-साडेपाच तास लागतात, सगळा प्रवास समुद्रावरून. भारतीय पासपोर्टला चिलीचा व्हिसा लागतो. तो हातात येईपर्यंत परतावा न मिळणारी तिकिटं काढू नका. वाटेतल्या विमानतळासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे देशागणिक वेगळं असतं, तेही आधीच बघा.

ब्राझीलमार्गे परत येणार असाल तर पीतज्वराची लस घ्या. त्या देशातून येणाऱ्यांकडे आपल्याकडे उतरताना ते पिवळं कार्ड मागतात, आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या दहा दिवस तरी आधी. एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं. बाबा साठीच्या पुढचे आहेत, त्यामुळे लस द्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. नाहीतर सरळ युरोपमार्गे जा.

बेटावर जाण्याचे नियम वेगळे आहेत आणि ते पाळले जातात. परतीचं तिकीट हवं, ऑनलाइन फॉर्म भरलेला हवा, आणि राहण्याची जागा चिलीच्या पर्यटन खात्याकडे नोंदलेली हवी (किंवा बेटावरच्या माणसाचं रीतसर आमंत्रण). बाहेरच्या माणसाला ३० दिवसांहून जास्त राहता येत नाही. हा कायदा २०१८ पासून आहे. बेट जेमतेम १६४ चौरस किलोमीटरचं, सगळं बाहेरून विमानाने नाहीतर जहाजाने येतं, कचरा टाकायला जागा नाही. कायदा का केला ते तिथे गेल्यावर कळतं.

राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट दहा दिवस चालतं. पण रानो राराकू (मोआईंची खाण) आणि ओरोंगो (कड्यावरचं जुनं गाव) ही दोन ठिकाणं त्या तिकिटावर एकेकदाच बघता येतात. बहुतेक जागी आता स्थानिक मान्यताप्राप्त वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. काही लोकांना याचा राग येतो. मला ते बरोबर वाटलं.

-----

अण्णा_गिरगाव
१५ जून, सकाळी ७:०५

भावना समजली, पण मनापासून एक सांगतो. एवढ्या पैशात वेरूळ, हंपी, अंगकोर सगळं निवांत बघून होईल. वयस्कर माणसाला तीस-पस्तीस तास विमानांत बसवणं मला पटत नाही. आणि बेटावरची प्राचीन शिल्पंच बघायची तर गेटवेवरून लाँच पकडा, तासाभरात घारापुरी. किती मुंबईकरांनी ती नीट बघितलीय?

-----

मृण्मयी_गोरेगाव
१५ जून, सकाळी ९:३०

अण्णा, तुमचा मुद्दा बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "घारापुरीला मी शाळेच्या सहलीतून गेलोय आणि परत जाईन. पण हा प्रश्न माझा आहे." त्यापुढे मला काही बोलता आलं नाही. प्रवास तोडून तोडून करणार आहोत, वाटेत एक मुक्काम आणि सांतियागोला दोन रात्री.

दर्यावर्दी, फार आभार. टूरवाल्यांना नाही म्हणून सांगतेय.

-----

लेणीवाली
१५ जून, दुपारी २:२०

किती छान धागा! मी इतिहास शिकवते आणि हा माझ्या आवडीचा विषय आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

नावापासून सुरुवात करू. डच दर्यावर्दी याकोब रोखेव्हेन ५ एप्रिल १७२२ ला तिथे पोचला. तो ईस्टरचा रविवार होता, म्हणून ईस्टर आयलंड. तिथली माणसं बेटाला, स्वतःला आणि आपल्या भाषेलाही रापा नुई म्हणतात. आपण घारापुरी म्हणतो आणि पोर्तुगीजांचा एलिफंटा नकाशावर राहतो, तशीच ही गोष्ट. बाबांना म्हणावं, तिथे रापा नुईच म्हणा, समोरच्याला बरं वाटतं.

मोआई सुमारे ९००. बहुतेक सगळे रानो राराकू या विझलेल्या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडात कोरलेले. हत्यार म्हणजे त्याहून कठीण दगडाची छिन्नी, तिला तोकी म्हणतात. डोक्यावरचा लाल दगड, पुकाओ, दुसऱ्याच खाणीतला, पुना पाऊचा. हे देवांचे पुतळे नाहीत. गेलेल्या वाडवडिलांचे आहेत. ज्या चौथऱ्यावर ते उभे असतात त्याला आहू म्हणतात, आणि अनेक आहूंत माणसांच्या अस्थी आहेत. मोआई बहुतेक ठिकाणी समुद्राकडे पाठ करून गावाकडे तोंड करून उभे असतात, घरादारावर लक्ष ठेवून. आपल्याकडे देवघरात पूर्वजांचे टाक असतात ना? मी वर्गात तेच उदाहरण देते. टाक हातात मावतो, मोआई ८० टनांचा असू शकतो, भावना शेजारशेजारची आहे.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. "या लोकांनी पुतळ्यांच्या नादात झाडं तोडली आणि स्वतःच्या हाताने संपले" ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. मीही काही वर्षं तशीच शिकवली, आता शिकवत नाही. जंगल गेलं हे खरं, त्यात माणसांइतकाच उंदरांचाही वाटा होता असं अनेक संशोधक मानतात. पण माणसं टिकून होती. वाऱ्यापासून पिकं वाचवायला दगडी गोल कुंपणांत (मानावाई) लावत, शेतात दगड पसरून ओल धरत. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये पंधरा जुन्या रापानुई माणसांच्या जनुकांचा अभ्यास आला, त्यात सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण सापडली नाही. खरा घाला पडला तो नंतर. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या जहाजांनी हजार-दीड हजार माणसं गुलामगिरीला पळवून नेली. जी थोडी परत आली त्यांच्यासोबत देवीची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर माणसं उरली होती १११. एकशे अकरा! १८८८ मध्ये चिलीने बेट जोडून घेतलं, मग बहुतेक जमीन मेंढ्यांच्या कंपनीला गेली आणि लोकांना हांगा रोआ या एकाच गावात कोंडलं. नागरिकत्व मिळालं १९६६ ला.

आज बेटावर आठेक हजार लोक आहेत, आणि त्यांतल्या रापानुईंचं मूळ त्या मूठभर माणसांत आहे. त्यांना भेटाल तेव्हा "तुमचे पूर्वज संपले" असं चुकूनही बोलू नका.

-----

दर्यावर्दी
१५ जून, दुपारी ४:००

लेणीवाली ताई, अख्खा प्रतिसाद साठवून ठेवला. तिथल्या जुन्या रोंगोरोंगो लिपीबद्दल पण लिहा ना. तिचा आपल्या सिंधू लिपीशी संबंध आहे असं कुठेतरी वाचलं होतं.

-----

लेणीवाली
१५ जून, सायंकाळी ६:१०

संबंध नाही. हेवेशी नावाच्या हंगेरियन गृहस्थांनी १९३२ मध्ये दोन्ही लिप्यांतल्या सारख्या दिसणाऱ्या चिन्हांच्या जोड्या लावल्या होत्या, त्यावरून बरीच चर्चा झाली. पण मध्ये हजारो वर्षं आणि अर्धी पृथ्वी आहे, ते टिकलं नाही. दोन्ही लिप्या आजवर वाचता आलेल्या नाहीत एवढंच साम्य. रोंगोरोंगोच्या लाकडी फळ्या मोजक्याच, दोनेक डझन उरल्यात. वाचू शकणारी माणसं त्या १८६० च्या दशकात गेली. मला हे दर वेळी सांगताना त्रास होतो.

भारताशी नातं हवंच असेल तर हे घ्या. पृथ्वीच्या गोलात रापा नुईवरून सुई आरपार घातली तर ती जवळजवळ जैसलमेरला बाहेर येते. मुंबईहून सरळ रेषेत मोजलं तरी एकोणीस हजार किलोमीटर होतात. मृण्मयी, बाबांना आणखी लांब कुठे नेता येणारच नाही!

-----

सुलभा_ठाणे
१६ जून, सकाळी ११:४५

खाण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून विचारते. मी शाकाहारी आहे आणि पुढेमागे मलाही जायचंय. भडंग, मेतकूट, चटण्या नेता येतात का?

-----

दर्यावर्दी
१६ जून, दुपारी १:३०

सुलभाताई, मासे खाणाऱ्यांची तिथे चंगळ, ट्यूना ताजा मिळतो. शाकाहारी माणूसही उपाशी राहत नाही. रताळी, अळूचे कंद, केळी, पपई, अननस हे तिथलंच आहे. केळ्याचा किंवा भोपळ्याचा एक गोडसर पाव करतात, पोए म्हणतात, आपल्या घारग्याची आठवण येते. चीज घातलेल्या एंपानादा (आपल्या करंजीसारख्या) सगळीकडे मिळतात. सगळं महाग आहे हे धरून चाला.

चिलीत उतरताना खाण्याच्या जिनसांची तपासणी कडक असते. बिया, फळं, कडधान्यं, दुधाचे पदार्थ यांबद्दल विशेष. जे नेत असाल ते फॉर्मवर लिहा. लिहिलं तर फार तर काढून घेतात, लपवलं तर दंड होतो. मी घरचं मेतकूट नेलं नव्हतं, पाकीटबंद चिवडा दाखवला, तो सोडला.

रताळ्याची एक गंमत. रताळं मुळात दक्षिण अमेरिकेतलं. ते पॉलिनेशियाच्या बेटांवर युरोपीय जहाजं यायच्या आधीपासून आहे. म्हणजे या दर्यावर्दी लोकांचा अमेरिकेशी संबंध आला होता, आणि लेणीवाली ताईंनी सांगितलेल्या त्या जनुकांच्या अभ्यासातही तेच दिसलं.

-----

मोराबंदर
१६ जून, रात्री १०:२०

मी घारापुरीचा. अण्णांनी आमच्या बेटाचं नाव काढलं म्हणून लिहितो.

आमच्या बेटावर तीन गावं आहेत, राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर. येणारे लोक लाँचमधून उतरतात, लेणी बघतात, संध्याकाळी परत जातात. बरेच जण विचारतात, "इथे कोणी राहतं का?" आम्ही समोर टोपल्या घेऊन बसलेलो असतो. आमच्याकडे वीज आली फेब्रुवारी २०१८ ला, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्याआधी रात्री पलीकडे मुंबई झगमगताना बघायची आणि घरात बत्ती लावायची. लेणी १९८७ पासून जागतिक वारसा आहेत, म्हणजे वारशाला वीज मिळायला तीस वर्षं लागली.

तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या बेटावर लोकांनी वाटाड्या सक्तीचा केलाय हे वाचून मला फार बरं वाटलं. मृण्मयीताई, तिथल्या माणसांना विचारा, हे त्यांनी कसं जमवलं? उद्यानाचं तिकीट कोण फाडतं, पैसा कुठे जातो? आम्हाला उपयोग होईल.

आणि तुमच्या बाबांसाठी एक. आमच्या बेटाला एलिफंटा नाव पडलं ते ज्या दगडी हत्तीवरून, तो आता इथे नाही. १८६४ ला तो इंग्लंडला न्यायला निघाले होते. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला नेले, पुढे १९१४ ला जोडले. राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. क्रेनवाल्या माणसाने तो बघायला पाहिजे.

-----

मृण्मयी_गोरेगाव
१७ जून, सकाळी ८:००

मोराबंदर दादा, तुमचा प्रतिसाद बाबांनी दोनदा वाचला. आज आम्ही दोघं राणीच्या बागेत चाललोय. तुमचा प्रश्न लिहून घेतलाय, नक्की विचारते.

-----

लेणीवाली
१७ जून, दुपारी १२:३०

दादा, रापा नुईचंही असंच एक दुखणं आहे. ओरोंगोमधला होआ हाकाननाइआ नावाचा मोआई १८६८ ला ब्रिटिश जहाजाने नेला, तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०१८ मध्ये बेटाच्या लोकांचं शिष्टमंडळ तिथे जाऊन त्याला भेटलं आणि परत मागितलं. अजून तो तिथेच आहे.

-----

मृण्मयी_गोरेगाव
४ नोव्हेंबर, रात्री १०:५०

मंडळी, आम्ही जाऊन आलो! परत येऊन आठवडा झाला, झोपेचं गणित आत्ता कुठे बसतंय. सांगायचं खूप आहे, जसं सुचेल तसं लिहिते.

आधी जे चुकलं ते. राहण्याची जागा इथल्या एका एजंटाने बुक केली होती. सांतियागोला बेटाच्या विमानाच्या काउंटरवर कळलं की ती नोंदणीकृत नाही. दर्यावर्दींनी इतकं स्पष्ट लिहूनही मी एजंटाच्या शब्दावर विसंबले, यादीत स्वतः तपासलं नाही. बाबांना खुर्चीवर बसवून मी दीड तास फोनवर होते. शेवटी हांगा रोआमधल्या एका कुटुंबाकडे नोंदलेली खोली मिळाली आणि विमानही मिळालं. पुढे जाणाऱ्यांनी जागेचं नाव स्वतः तपासा.

विमान उतरताना बाबा खिडकीशी होते. एवढ्याशा बेटावर धावपट्टी मात्र लांबलचक, समुद्रापासून समुद्रापर्यंत. नासाने १९८० च्या दशकात ती वाढवून घेतली, अंतराळयानाला अडचणीत उतरायला जागा हवी म्हणून. दारातच घरमालकीण बाई फुलांचे हार घेऊन उभ्या होत्या. "इओराना" म्हणजे नमस्कार, "मौरुरू" म्हणजे आभार. बाबांनी हे दोन शब्द चार दिवस पुरवून वापरले.

आमच्या वाटाड्या पन्नाशीच्या रापानुई बाई होत्या. त्यांचं मोडकं इंग्रजी आणि बाबांचं गोदीतलं इंग्रजी, दोघांचं माझ्याविना छान चालायचं. पहिल्या आहूजवळ गाडीतून उतरायच्या आधी त्या म्हणाल्या, "हे माझे आजोबा-पणजोबा आहेत. चौथऱ्यावर पाय ठेवायचा नाही, हात लावायचा नाही, आणि घाई करायची नाही." २००८ मध्ये एका परदेशी पर्यटकाने एका मोआईचा कान फोडून घेतला होता, त्याला मोठा दंड झाला. ते सांगताना बाईंनी स्वतःच्या कानाला हात लावला. बाबांनी दगडांच्या कडेबाहेर बूट काढून ठेवले आणि हात जोडले. बाईंनी कारण विचारलं तेव्हा मी लेणीवाली ताईंचं टाकाचं उदाहरण सांगितलं, मोबाइलवर आमच्या देवघराचा फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून एकेक टाक बघितला आणि "नावं सांगा" म्हणाल्या. बाबांनी खंडोबापासून सुरुवात केली आणि स्वतःच्या पणजोबांपर्यंत आले.

तोंगारिकीला आम्ही पहाटे गेलो. पंधरा मोआई एका ओळीत, मागून सूर्य. सगळे जण कॅमेरे घेऊन समोर, बाबा मात्र कडेला जाऊन तळाकडे बघत बसलेले. १९६० मध्ये चिलीत झालेल्या महाभूकंपाची लाट इथे आली आणि हे सगळे मोआई तिने आत जमिनीवर दूर फेकले होते. १९९० च्या दशकात क्लाउदियो क्रिस्तिनो यांच्या पथकाने ते परत उभे केले. क्रेन दिली होती तादानो या जपानी कंपनीने. तादानोचं नाव ऐकल्यावर बाबा उठून उभेच राहिले! या कंपनीची क्रेन त्यांनी स्वतः चालवलीय. मग अर्धा तास बाई माहिती विचारतायत आणि बाबा सांगतायत, पट्टा कुठे घेतला असेल, दगड चेपू नये म्हणून मध्ये काय घातलं असेल, वारा असताना का थांबावं लागतं.

पण त्यांचा प्रश्न क्रेनच्या आधीचा होता. त्याचं उत्तर रस्त्याच्या कडेला मिळालं. खाणीतून निघालेल्या जुन्या वाटांवर काही मोआई आडवे पडलेत, वाटेत पडले ते तिथेच राहिले. बाईंनी दाखवलं की यांचा तळ चौथऱ्यावरच्या मोआईंपेक्षा रुंद आहे, पुढची कड गोलसर आहे, आणि उभा केला तर हा पुढे झुकेल. चौथऱ्यावर पोचल्यावर तळ पुन्हा कोरून सरळ करत. बाबा गुडघ्याला हात देऊन खाली वाकले, खूप वेळ ती कड बघितली आणि मराठीतच म्हणाले, "अगं, हा तर सिलिंडर."

आपल्याकडे भरलेला गॅसचा सिलिंडर पोरगा एकटा कसा नेतो? उचलत नाही. तिरका करतो आणि कडेवर फिरवत नेतो. घरातलं लोखंडी कपाट आपण एकेका कोपऱ्यावर उचलून "चालवत" भिंतीशी नेतो, तसंच. बाबांनी पाण्याची बाटली गाडीच्या बॉनेटवर ठेवली, डावीकडे कलती करून थोडी फिरवली, उजवीकडे कलती करून थोडी फिरवली. बाटली पुढे आली. बाई म्हणाल्या, "नेके नेके." पाय नसताना अंग हलवत पुढे सरकायचं, त्याला त्यांच्या भाषेतला हा शब्द. त्यांच्याकडे जुनी माणसं पहिल्यापासून सांगत आलीत की मोआई चालत आले. कोणी मनावर घ्यायचं नाही. मग २०१२ मध्ये टेरी हंट आणि कार्ल लिपो या संशोधकांनी साडेचार टनांच्या आसपासची सिमेंटची प्रतिकृती करून तीन दोर आणि अठरा माणसांनी ती उभ्याने चालवून दाखवली. दोन बाजूंनी दोन दोर आळीपाळीने ओढायचे, मागचा दोर पुढे कोसळू न देण्यासाठी. सगळ्यांना हे मान्य नाही, आडवे घालून लाकडांवरून नेले असं म्हणणारेही अभ्यासक आहेत. बाबांना विचाराल तर प्रश्न सुटलाय. परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले, "मागच्या दोरावरचा माणूस सगळ्यात हुशार असणार."

रानो राराकूला डोंगराच्या उतारावर खांद्यापर्यंत पुरलेले मोआई आहेत. आपण फोटोत बघतो ती "डोकी" ती हीच, खाली पूर्ण धड आहे, वरून वाहून आलेल्या मातीने झाकलेलं. ऑक्टोबर २०२२ च्या वणव्यात त्यांतले काही होरपळले, तो काळा डाग अजून दिसतो. सगळ्यात मोठा, २१ मीटरांचा, कातळातून सुटलेलाच नाही. पाठ डोंगराला चिकटलेली. तिथे चढ आहे. बाबांचा गुडघा दुखत होता, तरी ते काठी टेकत गेले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "काम चालू असताना जेवायला गेल्यासारखं वाटतं."

ओरोंगोला वारा असा की टोपी दोन हातांनी धरली. समोर समुद्रात मोतू नुई हा खडक. पूर्वी दर वर्षी माणसं कडा उतरून पोहत तिथे जायची आणि समुद्रपक्ष्याचं पहिलं अंडं घेऊन यायची. ज्याचा माणूस पहिलं अंडं आणेल तो वर्षभर पक्षिमानव. संग्रहालयात मोआईचा पोवळ्याचा पांढरा डोळा आहे, १९७८ मध्ये अनाकेनाला सापडलेला. सोनिया हाओआ या रापानुई बाईंनी तो शोधला, त्या पुढे मोठ्या पुरातत्त्वज्ञ झाल्या. म्हणजे या सगळ्या रिकाम्या खोबणींत कधीकाळी डोळे होते. ते कळल्यावर पुन्हा तोंगारिकीला गेलो तेव्हा मला ते चेहरे वेगळे दिसले.

शेवटच्या संध्याकाळी ताहाईला सूर्यास्त बघत बसलो. तिथे सहा वाजले की घरी पहाटेचे साडेचार, त्यामुळे फोन कोणालाच केला नाही. बाबांनी पिशवीतून ॲटलस काढला. मला ठाऊकच नव्हतं की तो सोबत आणलाय. बाईंना पॅसिफिकचं पान दाखवलं. छापील नाव "ईस्टर बेट (चिली)", भोवती आईचा पेन्सिलीचा गोल. बाईंनी माझ्याकडून पेन घेतलं, मग परत देऊन बाबांकडची पेन्सिल मागितली आणि गोलाच्या आत बारीक अक्षरात "रापा नुई" लिहिलं. त्यांच्या भाषेत, रोमन अक्षरात. पान बराच वेळ बाबांच्या मांडीवर उघडंच होतं.

मोराबंदर दादा, तुमचा प्रश्न विचारला. २०१७ पासून उद्यानाचा कारभार माऊ हेनुआ या रापानुई लोकांच्या संस्थेकडे आहे. तिकीट तेच फाडतात, रक्षकही त्यांचेच. बाई म्हणाल्या, सहज मिळालं नाही. त्याआधी कित्येक वर्षं भांडले, रस्ते अडवले, काही जण अटकेतही गेले. कोरोनात बेट मार्च २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत बंद होतं. पर्यटकांवर चालणारं बेट पर्यटकांशिवाय दोन वर्षांहून जास्त. लोकांनी पुन्हा रताळी, अळू लावलं, मासेमारी केली. पुन्हा दार उघडताना वाटाड्याची अट घातली. मी घारापुरीबद्दल सांगितलं, वीज २०१८ ला आली तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिथली माणसं लेणी दाखवतात का, की बाहेरचे?" मला नीट उत्तर देता आलं नाही. ते तुमच्याकडूनच ऐकायला हवं.

बाबांना घारापुरीला यायचंय. येत्या शनिवारी चालेल का? कोणती लाँच धरू?

-----

अण्णा_गिरगाव
५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मृण्मयी, जूनमध्ये मी जे लिहिलं ते मागे घेतो. बाबांना माझा नमस्कार. शनिवारी मीही येतो म्हणतो, चालणार असेल तर.

-----

सुलभा_ठाणे
५ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

"हा तर सिलिंडर" वाचलं आणि डोळे भरून आले. फोटो टाका ना, ॲटलसच्या पानाचा तरी.

-----

मोराबंदर
५ नोव्हेंबर, रात्री ८:३०

ताई, सकाळी नऊच्या सुमारास गेटवेवरून पहिल्या लाँच सुटतात, त्यातलीच धरा. ऊन चढायच्या आत वर जाता येईल. सोमवार सोडून कधीही या, सोमवारी लेणी बंद असतात. जेट्टीपासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, बाबांना त्यात बसवा. पुढे सुमारे १२० पायऱ्या आहेत. दुकानांच्या मधून सावली असते, मध्ये मध्ये बसत या. माकडांपासून बाटली आणि खाऊ सांभाळा.

सदाशिवाच्या मूर्तीपुढे आधी डोळे निवू द्या, आत अंधार असतो. मग चेहरे एकेक करून दिसू लागतात. तुमच्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच बसून देतो, थोडं लांब आहे.

जेवण आमच्याकडे. अण्णा, तुम्हीही या. बाबांना मासे चालतात ना, तेवढं कळवा. आणि तो ॲटलस आणा.